म्हातारी माणसं गेली म्हणून काय बिघडतं? बिघडतं! (सोलापूरकरांची चर्चा; नावाच्या जागी लिहिणाऱ्याचा भाग)

सात रस्ता: काल इथे एकाने लिहिलं, 'म्हातारी माणसं जाणारच, इतिहास पुस्तकात मिळतो, आजी-आजोबांचं एवढं कौतुक कशाला?' डोकंच फिरलं. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, हे पुस्तकात आहे. पण 1930 च्या मार्शल लॉमध्ये, इंग्रजांच्या लष्करी अंमलात, आमच्या पणजीने पणजोबांची गांधी टोपी ज्वारीच्या कणगीत खुपसली आणि शिपाई घरात शिरल्यावर त्याच कणगीला टेकून उभी राहिली, हे कुठल्या पुस्तकात आहे? आज्जीने सांगितलं म्हणून कळलं. आता पुढचं कुणाला विचारू?

होटगी रोड: मीच लिहिलंय, मागे घेणार नाही. तुमची आज्जी गोष्टी सांगायची. आमची आज्जी आईला उठता-बसता टाकून बोलायची. तीच अंथरुणाला खिळल्यावर हागणं-मुतणं आईने काढलं. काका पुण्याहून दहाव्याला उगवले आणि स्टेटसला फोटो लावून मोकळे झाले.

पूर्व भाग: राग काकांवर काढा की, सगळ्यांच्या आज्जीवर कशाला? आमची नानम्मा, म्हणजे वडिलांची आई, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. भिजवलेलं पान, पत्र्याचा साचा, कात्री, आणि तोंडाने अखंड तेलुगू. मला ते मोडकंतोडकंच येतं. दवाखान्यात शेवटी ती काहीतरी मागत होती, मला कळेना. वडिलांना फोन लावून तिच्या कानाशी धरला.

अक्कलकोट रोड: आमच्याकडे कन्नडचं तेच. गड्ड्याला, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, पोरं नंदीध्वजामागे चालतात, अक्षता टाकतात, पण सिद्धरामांचं एक वचन वाचता येत नाही. आजोबांना तोंडपाठ होती. इंग्रजी शाळेच्या नादात आई-बापांनीच घरातली भाषा मोडली.

जुनी मिल: आई-बापांना बोल लावू नका. मिल बंद पडल्यावर घरात चूल पेटायची मारामार होती, भाषा कसली सांभाळताय? आणि आजोबा जिवंत असताना तुम्ही का नाही शिकलात? तेव्हा मोबाईल सुटत नव्हता.

अक्कलकोट रोड: तोंड सांभाळून बोला. आजोबा गेले तेव्हा मी चौथीत होतो.

पूर्व भाग: आणि मिल बंद पडली म्हणून घरात तेलुगू बोलायला पैसे पडत होते का? शाळेत पोरं हसायची म्हणून बंद केलं, एवढंच कारण. पूर्व भागात तेलुगू माध्यमाच्या शाळा असून ही गत.

जुनी मिल: हसायची हे खरं आहे. मलाही हसलेत. पण तुमच्या वडिलांनी ते सोसलं, तुम्ही नाही, म्हणून त्यांना नावं ठेवू नका.

होटगी रोड: भाषेचं तुम्ही वेगळीकडे भांडा. माझ्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलं नाही.

सात रस्ता: देतो. सेवा आईने केली, श्रेय तिचंच, शंभर टक्के. पण आज्जीबद्दल तुम्हाला दुसरं काहीच ठाऊक नाही?

होटगी रोड: आहे. 1972 च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडून, तिथल्या सुकडीवर पोरं जगवली. त्यात माझे वडील होते. हे मला आईनेच सांगितलं, काकांनी नाही. एवढं मान्य करतो. म्हणून आईला बोललेलं पुसलं जात नाही. माझ्या पोरांना सांगायची वेळ आली तर खडीही सांगेन आणि आईचं रडणंही.

सात रस्ता: दोन्ही सांगा. पण आईला आत्ताच विचारून घ्या, खडी कुठल्या रस्त्याची होती ते.