शस्त्रपरीक्षण आणि घटनास्थळावरील पुरावे : हे काम प्रत्यक्षात कसे असते?

प्रश्न : पदव्युत्तर_भौतिकी

मी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि न्यायसहायक विज्ञानातील बॅलिस्टिक्स विभागात, म्हणजे बंदुका, गोळ्या व काडतुसे यांच्या परीक्षणात, काम करण्याचा गंभीरपणे विचार करत आहे. प्रत्येक शस्त्र आपल्या गोळीवर स्वतःची खूण सोडते आणि तज्ज्ञ त्यावरून शस्त्र ओळखतो, असे पाठ्यपुस्तकात वाचले. ही ओळख खरोखर किती भक्कम असते? शिवाय प्रयोगशाळेत बसणाऱ्या तज्ज्ञाला घटनास्थळाचे काम कितपत यावे लागते? या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : तुलनासूक्ष्मदर्शक

मी शस्त्रपरीक्षक आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात. त्यांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि त्यांचाच ठसा गोळीच्या अंगावर उमटतो. खाचांची संख्या, रुंदी आणि पिळाची दिशा कारखान्यातील रचनेनुसार ठरते. उदाहरणार्थ, कोल्टच्या पारंपरिक रिव्हॉल्वरमध्ये सहा खाचा व डावा पीळ, तर स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरमध्ये पाच खाचा व उजवा पीळ आढळतो. ही झाली वर्गवैशिष्ट्ये. ती जुळली तर शस्त्र त्या गटातले असू शकते एवढेच म्हणता येते. जुळली नाहीत तर ते शस्त्र तिथेच बाद होते. त्यापुढे, खाचा पाडणाऱ्या हत्याराची धार काम करताना झिजत जाते, नंतर वापर, गंज आणि साफसफाई यांची भर पडते, आणि त्यातून ज्या बारीक रेषा तयार होतात त्यांना आम्ही व्यक्तिवैशिष्ट्ये म्हणतो.

या दोहोंच्या मध्ये उपवर्गवैशिष्ट्ये येतात, आणि नवोदिताची खरी कसोटी तिथे लागते. एकाच हत्याराने लागोपाठ बनवलेल्या भागांवर काही खुणा जवळजवळ तशाच उतरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या अतिशय सुरेख जुळतात आणि तरीही त्या एकाच शस्त्राच्या नसतात. म्हणून जुळणी दिसताच समाधान न मानता ही खूण कोणत्या उत्पादनप्रक्रियेतून आली असेल, याचा विचार करावा लागतो. यंत्रशाळेत धातू कसा कापला, घासला आणि छिद्रला जातो हे ज्याने पाहिलेले नाही, त्याने हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळी आदळून चेपते किंवा तिचे तुकडे होतात. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच, मात्र बहुधा अखंड मिळते. तिच्यावर फायरिंग पिनचा (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीचा) खळगा, ब्रीच फेसचा (काडतुसाच्या बुडाला टेकणाऱ्या पृष्ठभागाचा) ठसा आणि एक्स्ट्रॅक्टर व इजेक्टर (पुंगळी ओढून बाहेर फेकणारे भाग) यांचे ओरखडे असतात. शॉटगनची नळी सहसा गुळगुळीत असते, त्यामुळे छर्रे फारसे काही सांगत नाहीत आणि पुंगळीवरच विसंबावे लागते. तुलनेसाठी संशयित शस्त्रातून पाण्याच्या टाकीत चाचणीच्या गोळ्या झाडतात, शक्यतो पुराव्यातील काडतुसासारखीच काडतुसे वापरून, आणि प्रथम त्या चाचणीच्या गोळ्यांचीच आपापसांत तुलना करतात. शस्त्र स्वतःच्या खुणा पुन्हा पुन्हा उमटवत नसेल, तर पुराव्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

यासाठीचा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक, ज्यात दोन वस्तू एकाच वेळी शेजारी शेजारी पाहता येतात, 1920च्या दशकात फिलिप ग्रॅव्हेल आणि कॅल्विन गोडार्ड यांच्यामुळे रूढ झाला. 1929 साली शिकागोतील सेंट व्हॅलेंटाइन्स डे हत्याकांडात काही मारेकरी पोलिसांच्या गणवेशात आले होते, त्यामुळे संशय पोलिसांवर गेला. गोडार्ड यांनी पोलिसांच्या थॉमसन बनावटीच्या स्वयंचलित बंदुका झाडून पाहिल्या आणि पुंगळ्या त्यांच्या नाहीत, असे सांगितले. पुढे फ्रेड बर्क या गुन्हेगाराच्या मिशिगनमधील घरात सापडलेल्या दोन थॉमसन बंदुकांशी त्यांनी जुळणी दाखवली. या प्रकरणाचा उल्लेख होताना लोकांना जुळणी आठवते. माझ्या दृष्टीने आधीचा नकार तितकाच मोलाचा होता.

आता भक्कमपणाविषयी. अमेरिकेच्या नॅशनल अकादमी ऑफ सायन्सेसशी संलग्न समितीने 2009च्या अहवालात म्हटले की, या परीक्षणातील अंतिम निर्णय परीक्षकाच्या व्यक्तिनिष्ठ मतावर अवलंबून असतो आणि चुकीचे प्रमाण काढण्याला सांख्यिकीय पाया नाही. 2016 साली तेथील राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाला तर योग्य रीतीने आखलेला एकच अभ्यास आढळला. त्यानंतर अधिक अभ्यास झाले आहेत आणि पृष्ठभागाची त्रिमितीय मोजणी करून जुळणीला आकडा देण्याचे प्रयत्नही चालू आहेत. तरीही ‘जगातील इतर सर्व शस्त्रे वगळून हेच शस्त्र’ असे वाक्य अहवालात लिहू नये. तसे म्हणण्याइतकी माहिती कोणत्याही परीक्षकाजवळ नसते.

उत्तर : घटनास्थळ_नोंद

वरील उत्तर अचूक आहे. मी दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली येणारी खूण घटनास्थळावरच जपली किंवा पुसली जाते. पिस्तूल उचलण्यासाठी नळीत पेन्सिल घालू नये. आत रक्त, तंतू किंवा ऊतींचे कण असू शकतात. रिव्हॉल्वर असेल तर चक्र फिरवण्यापूर्वी घोड्याखाली कोणता कप्पा होता, याची खूण करून नोंद घ्यावी, कारण चक्र हलल्यावर तो क्रम पुन्हा मिळत नाही. भिंतीत रुतलेली गोळी सुरीने कोरून काढू नये, आजूबाजूचा भाग कापून ती सोडवावी. आणि गोळीवर ओळखचिन्ह कोरण्याऐवजी पाकिटावर लिहावे. रक्ताने भिजलेले कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवतात, कारण प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

काचेचे उदाहरण मला विशेष आवडते. गोळी लागल्यावर छिद्राभोवती किरणांसारखे तडे जातात, आणि नंतरच्या गोळीचा तडा आधीच्या तड्याला भिडून थांबतो. छिद्राचा खळगा गोळी बाहेर पडते त्या बाजूला रुंद असतो. म्हणजे गोळ्यांचा क्रम आणि दिशा दोन्ही त्या काचेत असतात, पण कोणी घाईने चौकट हलवली आणि तुकडे गळून पडले, तर प्रयोगशाळेला ते परत मिळवता येत नाही.

पुढील प्रश्न : पदव्युत्तर_भौतिकी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. संशयिताच्या हातावर बारुदाचे कण सापडले तर गोळी त्यानेच झाडली असे धरता येते का? आणि संशयित कोण हे तपास अधिकाऱ्याने आधीच सांगितले असेल, तर त्याचा परिणाम परीक्षकावर होत नाही का?

उत्तर : घटनास्थळ_नोंद

नाही, तसे धरता येत नाही. शिसे, बेरियम आणि अँटिमनी एकत्र असलेले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ओळखता येतात, पण ते झाडणाऱ्याजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीवर, शस्त्र हाताळणाऱ्यावर किंवा अटक करणाऱ्या पोलिसाच्या हातावरूनही येऊ शकतात. उलट, हालचाल आणि हात धुणे यांमुळे ते काही तासांतच नाहीसे होतात, म्हणून कण न मिळणे हेही निर्दोषत्वाचे प्रमाण नाही. काही काडतुसांत शिसे नसतेच. म्हणून ‘गोळी झाडल्यानंतर उडणाऱ्या अवशेषांशी सुसंगत कण आढळले’ एवढेच लिहावे.

उत्तर : तुलनासूक्ष्मदर्शक

परिणाम होतो, आणि तो प्रामाणिक माणसावरही होतो. म्हणून उपाय व्यवस्थेतच असावा लागतो. कबुलीजबाब किंवा संशयिताचा पूर्वेतिहास परीक्षकापर्यंत पोहोचूच नये आणि दुसऱ्या परीक्षकाने पहिल्याचा निष्कर्ष न पाहता पडताळणी करावी. जिथे खुणा अपुऱ्या असतील तिथे ‘अनिर्णित’ लिहिण्याची मुभा हवी. तपास अधिकारी त्यावर नाराज होतात, आणि ती नाराजी शांतपणे ऐकून घेणे हा या नोकरीचा भाग आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. चाचणीच्या खोलीत शिशाची सूक्ष्म धूळ उडते. रुजू होताना हवा बाहेर टाकण्याची यंत्रणा, श्रवणरक्षक आणि रक्तातील शिशाची नियमित तपासणी यांची चौकशी अवश्य करा. अभ्यासाला आतापासून सांख्यिकी घ्या. न्यायालयात बचाव पक्षाचा वकील चुकीच्या प्रमाणाविषयीच विचारतो, आणि त्याचे उत्तर परीक्षकाला स्वतःच्या समजुतीतून देता यायला हवे.