वादळ सरल्यावर ऊन पडलं की खिंड चढावी का?

चारपावलं: पुढच्या आठवड्यात चौघे खिंड ओलांडणार आहोत. अंदाज असा: दोन दिवस बर्फ, मिळून साधारण 40 सेंटीमीटर, वायव्येचा जोरदार वारा. तिसऱ्या दिवशी आकाश निरभ्र. मित्र म्हणतो, ऊन आलं की बर्फ बसतो, आरामात आठला निघू. शेवटचा चढ धारेच्या आग्नेय अंगाला आहे. काही हरकत?

जुनाबूट: मित्राचं अर्धं खरं आहे. उन्हानं बर्फ बसतो, पण बसण्याआधी ढिला होतो, आणि नेमके तेव्हाच तुम्ही त्यावर असाल.

वायव्येचा वारा धारेच्या अलीकडचा बर्फ उचलून पलीकडे टाकतो, म्हणजे तुमच्याच चढावर. अंदाजातले 40 तिथे दुपटीनेही साचतात. आणि हा बर्फ भुसभुशीत नसतो, त्याची फळी झालेली असते. खालच्या थराशी ती नीट जुळलेली नसते, एका माणसाच्या वजनानेही तुटते आणि हिमस्खलन होतं. तडा बऱ्याचदा तुमच्या डोक्याच्या वर जातो, त्यामुळे पळायला जागा उरत नाही. वर सकाळचं ऊन सगळ्यात आधी आग्नेयेलाच! नकाशावर उतार मोजा. 30 ते 45 अंश निघाला तर मी त्या दिवशी जाणार नाही.

एकदा अशाच सकाळी दहाच्या सुमारास वरच्या खडकांखालून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले. थोड्या वेळाने पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, आतला थर खचल्याचा. कुणी काही बोललं नाही, एकेक करून आपल्याच पावलांवरून मागे आलो. उतार काही कोसळला नाही. आमच्यातला एक जण अजून म्हणतो, उगाच फिरलो.

दवबिंदू: मग पहाटे चारला निघा, असं कुणी सांगेल. त्याने ओल्या बर्फाचा धोका कमी होतो, तोही रात्र निरभ्र असेल तरच. ढगांचं पांघरूण असलं की बर्फ रात्रभर गोठतच नाही. वाऱ्याने रचलेल्या फळीला तर एका रात्रीच्या थंडीने काही होत नाही. वादळानंतर एक-दोन दिवस थांबाच.

चारपावलं: बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायचं रेडिओ-यंत्र) दोनच आहेत. चालतील?

जुनाबूट: नाही. प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, पुढे शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते.

चारपावलं: बरं, खिंड रद्द. खालच्या दरीतली सपाट वाट धरू, कुठेच 20 अंशांच्या वर नाही. मित्र रुसलाय.

दवबिंदू: वाटेच्या वरची बाजूही मोजलीत का? वरून सुटलेलं हिमस्खलन सपाटीवर बरंच पुढे येतं.

चारपावलं: नाही मोजली. नकाशा परत उघडतो.