छोट्या गावाला तळी पुरेशी
वर दोघांनी लिहिलंय की छोट्या गावालाही सांडपाण्यासाठी यांत्रिक प्रकल्पच हवा. मला पटत नाही. त्यात हवा सोडणारा ब्लोअर सतत चालावा लागतो. वीज बराच वेळ गेली की घाण कुजवणारे, ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू मरू लागतात आणि दुर्गंधी सुटते. जागा असेल तर स्थिरीकरण तळी बघा, म्हणजे एकापुढे एक अशी तळी, ज्यांतून जाताना सांडपाणी हळूहळू शुद्ध होतं. साधारण दीड मीटर खोल तळ्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, जिवाणू घाण कुजवतात. शेवटचं तळं मात्र उथळ, मीटरभरच हवं, कारण तिथे रोगजंतू मारायचं मोठं काम ऊन करतं. कळकळीने सांगतो, तळाचा गाळ काही वर्षांनी उपसावाच लागतो. त्याचे पैसे आत्तापासून बाजूला काढा, नाहीतर तळं भरत जातं आणि पाणी अर्धवट शुद्ध होऊनच बाहेर पडतं.