मदत हवी आहे: जुनी ह्युंदाई आय-टेन, गॅरेजवाला ४८ हजार सांगतोय. घालू का?

वैतागलेला_वारजेकर
नमस्कार मंडळी. तातडीचं आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. गाडी जुनी झालीय, पण रोज वापरात आहे. परवा गॅरेजला दाखवली तर ४८ हजारांचं काम काढलंय. ऑनलाइन किंमत टाकून बघितली तर विकून फार तर लाख-सव्वा लाख येतील असं दिसतंय. मग एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का, की थोडी भर घालून दुसरी सेकंड हँड बघावी? पुढच्या रविवारी साताऱ्याला लग्न आहे, त्याआधी ठरवायचंय. "नवीन घ्या" असं कृपया कुणी सांगू नका. घराचा हप्ता पुरे आहे.

तात्या_पेठेतले
साल? किमी? पेट्रोल की डिझेल? पत्रिका बघून सांगणारे इथे कुणी नाहीत.

वैतागलेला_वारजेकर
२०११. पेट्रोल. ९६ हजार किमी.

तात्या_पेठेतले
१.१ की १.२?

वैतागलेला_वारजेकर
माहीत नाही. त्याने काय फरक पडतो?

तात्या_पेठेतले
पडतो. आरसीवर सीसी लिहिलेलं असतं. १०८६ असेल तर १.१, त्याला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा. ११९७ असेल तर १.२, 'कप्पा' नावाचं इंजिन, त्याला पट्ट्याऐवजी चेन. बेल्टवालं असेल आणि बेल्ट आजवर बदलला नसेल, तर बाकी सगळं सोडा आणि आधी तो बदला. चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि मग ४८ हजार स्वस्त वाटायला लागतात.

फियाटवेडा
म्हणूनच मी फियाटचं मल्टिजेट डिझेल सोडून दुसरं काही घेतलं नाही. रांजणगावचं इंजिन, चेनवालं. स्विफ्टच्या डिझेललाही तेच इंजिन होतं. माझी पुंटो अजून घाटात नव्या गाड्यांना मागे टाकते. पार्ट मिळत नाहीत म्हणतात ते सगळं खोटं, नाना पेठेत फिरायची तयारी पाहिजे.

तात्या_पेठेतले
धागा आय-टेनचा आहे.

अनुजा_क
त्या ४८ हजारांत काय काय आहे ते लिहा ना. नुसत्या आकड्यावरून कुणी काय सांगणार?

वैतागलेला_वारजेकर
कच्चं बिल समोर आहे. हेड गॅस्केट, हेडचं फेसिंग आणि मजुरी मिळून १९,०००. रेडिएटर नवीन ६,५००. क्लच सेट ८,०००. पुढचे दोन शॉकअप आणि लोअर आर्म ९,५००. ऑइल, कूलंट, बेल्ट वगैरे किरकोळ ५,०००.
आरसी बघितली, १०८६ आहे. बेल्टचं विचारतो त्याला.

मोहन_हडपसर
मजुरी जास्त लावलीय. आमच्याकडे निम्म्यात होईल.

सुहास_कर्वेनगर
हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील, गेलं हे कशावरून ठरवलं त्याने? मुळात गाडीला होतंय काय?

वैतागलेला_वारजेकर
गरम होते. लिहिलं नाही का मी? संध्याकाळी हिंजवडीहून येताना चांदणी चौकाच्या अलीकडे अडकलो की टेम्परेचर चढतं, एसी साधी हवा फेकायला लागतो. एसी बंद करून हीटर लावला की उतरतं. पुढे रस्ता मोकळा मिळाला की काही नाही, एकदम व्यवस्थित.

सुहास_कर्वेनगर
नाही लिहिलंत, आणि सगळ्यात आधी हेच लिहायला हवं होतं.
गाडी पळत असते तेव्हा रेडिएटरला वारा समोरून मिळतो. थांबलेली असते तेव्हा तो फक्त पंख्याचा. तुमची गाडी थांबल्यावरच तापते आणि पळाली की उतरते, म्हणजे संशय आधी पंख्यावर घ्यायचा: फ्यूज, रिले, पंख्याची मोटर. त्यानंतर चोंदलेला रेडिएटर. हेड गॅस्केट शेवटी. ते गेलं असतं तर हायवेलाही तापली असती, कूलंट दर आठवड्याला कमी झालं असतं, सकाळी सुरू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ आला असता, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली असती. यातलं काही आहे का?
घरी करून बघा. गाडी गार असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा, ऑइलचं झाकण उघडून बघा. मग गाडी सुरू करून एसी लावा आणि बोनेटमधून बघा पंखा फिरतोय का. एसी लावल्यावर थोड्याच वेळात फिरायला हवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, तोंडावर उडतं.

विवेकी_नागरिक
हे सगळं ई२० मुळे. सरकारने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घुसवलं तेव्हापासून जुन्या गाड्यांची वाट लागलीय. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक जुन्या गाडीला काहीतरी झालंय.

सुहास_कर्वेनगर
इथेनॉलमुळे रेडिएटरचा पंखा बंद पडतो?

विवेकी_नागरिक
मी पंख्याबद्दल बोललोच नाही. अॅव्हरेज कमी होतो की नाही ते सांगा.

तात्या_पेठेतले
होतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, तेव्हा थोडा फरक पडणारच. २०११ च्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप भेगाळलेत का तेही बघून घ्यावं, दोन-चारशेचं काम असतं. पण प्रश्न गरम होण्याचा आहे.

मोहन_हडपसर
सीएनजी बसवा, सगळे प्रश्न मिटतील.

अनुजा_क
तापणाऱ्या इंजिनला सीएनजी? धन्य.

शिल्पा_औंध
मी वेगळं सुचवू का? विकून टाका आणि मेट्रोने जा. आम्ही गाडी विकली, महिन्याचे सात-आठ हजार वाचतात. पार्किंगचं टेन्शन नाही.

वैतागलेला_वारजेकर
ताई, वारज्याला मेट्रो आली की नक्की.

वैतागलेला_वारजेकर
सुहासजी, बघितलं आत्ता. ऑइलचं झाकण स्वच्छ आहे, साय वगैरे काही नाही. कूलंट मात्र 'लो'च्या खाली आणि रंग चहासारखा. एसी लावून बराच वेळ बघत बसलो, पंखा हललाच नाही. लाकडी पट्टीने जरा ढकलला तर फिरायला लागला! बंद करून परत लावला तर पुन्हा ढिम्म.

सुहास_कर्वेनगर
मग मोटरच. आतले कार्बन ब्रश झिजले की असंच होतं, ढकलल्यावर फिरते. (पट्टी घालू नका हो परत. पंखा कुठल्याही क्षणी सुटतो, बोटं जातील.) गॅरेजला नको, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. मोटर बदलायला साधारण अडीच-तीन हजार. चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आलंय, आत गंज आहे. सगळं फ्लश करून तयार मिक्स केलेलं कूलंट भरा. पातळी लिहून ठेवा आणि आठवडाभर बघा. तरी कमी झाली तर गळती कुठे आहे ते शोधा: होज, वॉटर पंप. त्याआधी कुणालाही हेड उघडू देऊ नका.
क्लचचं म्हणाल तर घसरतोय का? चौथ्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असं होत असेल तरच हात घाला. लोअर आर्म आणि शॉकअप ९६ हजार किमीला गेलेच असतील, ते करून घ्या. खड्ड्यातून खडखड येतेच ना?

वैतागलेला_वारजेकर
येते. पण ती पुण्यातल्या सगळ्याच गाड्यांना येते.

मोहन_हडपसर
बघा, गॅरेजवाल्याने १९ हजारांचं काम उगाच सांगितलं होतं. म्हणून म्हणतो, फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी.

तात्या_पेठेतले
आत्ता वर "आमच्याकडे निम्म्यात" कोण म्हणत होतं? कंपनीत पंख्याची मोटर सहसा सुटी बदलत नाहीत, पूर्ण असेंब्ली लावतात. जुन्या गाडीला ओळखीचा मिस्त्री एक आणि इलेक्ट्रिशियन दुसरा, एवढंच लागतं.

मोहन_हडपसर
वॉरंटी कोण देणार तुमचा मिस्त्री?

तात्या_पेठेतले
पंधरा वर्षांच्या गाडीला कंपनी देते होय?

अनुजा_क
भांडण थांबवा, मला एक वेगळंच दिसतंय. २०११ म्हणजे १५ वर्षं होत आलीत. नोंदणी कुठल्या महिन्याची?

वैतागलेला_वारजेकर
मे. त्याचं काय?

निशांत_पिंपरी
१५ वर्षं झाली की स्क्रॅपच करावी लागते. कायदा आहे.

अनुजा_क
तो दिल्ली आणि आसपासच्या भागाचा नियम. पेट्रोल १५, डिझेल १०. महाराष्ट्रात खासगी गाडी फिटनेस पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. पुन्हा पास झाली की पुन्हा पाच.
वारजेकर, तुमचा खरा खर्च इथे आहे, गॅरेजच्या बिलात नाही. बाबांच्या गाडीचं मीच केलं म्हणून सांगते. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आधी ६०० होती. फिटनेसचे वेगळे. पर्यावरण कर पाच वर्षांचा एकदम भरायचा, तोही वेगळा. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, फॉर्म २५. उशीर झाला तर मोटारीला दर महिन्याला ५०० जास्त. एचएसआरपी (ती नवी सुरक्षा नंबर प्लेट) नसेल तर आरटीओत कामच पुढे सरकत नाही, त्याचे ७४५ अधिक जीएसटी. विमा आणि पीयूसी चालू हवा. आणि फिटनेसला जाताना दिवे, वायपर, हॉर्न, हँडब्रेक चालू पाहिजेत, पुढच्या काचेला तडा नको. यासाठी शॉकअपचं काम आधी करून घेतलंत तर बरं.
तेव्हा हिशेब असा मांडा: मोटर, कूलंट, बेल्ट, शॉकअप आणि लोअर आर्म, शिवाय हा सगळा कागदोपत्री खर्च. एवढ्यात गाडी पाच वर्षं कायदेशीर राहते. तेवढ्याच पैशात जी दुसरी सेकंड हँड येईल तिचा इतिहास तुम्हाला माहीत नसेल.

निशांत_पिंपरी
आणि विमा? फर्स्ट पार्टी घ्या, थर्ड पार्टीवर राहू नका.

तात्या_पेठेतले
लाखाच्या गाडीला फर्स्ट पार्टी? आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, काय येणार, क्लेमला डेप्रिसिएशन काय कापणार? १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टी ३,४१६ अधिक जीएसटी, वर मालक-चालकाचा अपघात विमा. पुरे. गाडी ठोकली तर लोअर आर्मच्या पैशात पत्रा सरळ होतो.

निशांत_पिंपरी
चोरीला गेली तर?

तात्या_पेठेतले
पंखा ढकलून सुरू करावी लागते, कोण नेणार.

अनुजा_क
:) वारजेकर, एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून फिटनेसची तारीख आणि कर्जाचा बोजा बघून घ्या. गाडी तुमच्याच नावावर आहे ना?

वैतागलेला_वारजेकर
सासऱ्यांच्या. नंबर एमएच ११, साताऱ्याचा. त्यांनी नवीन घेतली होती, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चालवत नाहीत म्हणून आमच्याकडे आली. अॅपवर बघितलं, बोजा दिसतोय. कॉर्पोरेशन बँक. पण कर्ज २०१४ लाच फिटलंय, आणि ती बँक आता आहे कुठे?

अनुजा_क
बघा, हे आता सांगताय. मग तुम्ही ती विकू पण शकत नव्हता. बोजा उतरल्याशिवाय घेणाऱ्याच्या नावावर होत नाही, आणि ऑनलाइन कंपन्या आधी तेच तपासतात. कॉर्पोरेशन बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत विलीन झाली. कर्जखात्याचा नंबर घेऊन युनियन बँकेत जायचं.

सुहास_कर्वेनगर
हे महत्त्वाचं. मोटर एका दुपारचं काम आहे, हे आठवड्यांचं.

फियाटवेडा
अवांतर: कुणाकडे पालिओचा डावा टेललॅम्प आहे का? जुन्या बाजारात रविवारी शोधून आलो, मिळाला नाही.

वैतागलेला_वारजेकर
अपडेट. मोटर बदलली, मजुरीसकट २,८०० घेतले. कूलंट फ्लश केलं, गंजाचं पाणी बादलीभर निघालं. काल संध्याकाळी मुद्दाम एसी लावून चांदणी चौकातून आलो, अडकलोही भरपूर, टेम्परेचर जागेवर. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणतो "आत्ता बरं वाटेल, हेड करावंच लागेल." टायमिंग बेल्ट आणि लोअर आर्म दुसरीकडे टाकलंय. लग्नाला हीच गाडी नेतोय, बघू खंबाटकीला काय करते.
सासऱ्यांनी फाइल शोधून काढली. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आहे, ओरिजिनल, २०१४ चं. ते चालेल ना?

सुहास_कर्वेनगर
घाटात एसी बंद ठेवा आणि परत आल्यावर कूलंटची पातळी बघा. गाडी गार झाल्यावर.

अनुजा_क
नाही चालणार. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) ताज्या तारखेची लागते, तीन महिन्यांच्या आतली. जुनं पत्र बँकेत दाखवायला न्या, त्याने खातं सापडायला मदत होईल. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दोन प्रतींत, त्यावर बँकेची सही-शिक्का आणि सासऱ्यांची सही. सही आरसीच्या वेळी केली तशीच करायला सांगा, वयोमानाने बदलते आणि मग परत पाठवतात. लग्नात ते भेटतीलच, फॉर्म छापून गाडीत टाका.