वाघोलीची शेतं गेली कुणामुळे?

टॉवरवाला: २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली, त्यात आमची वाघोली. जमिनी विकून बंगले बांधलेल्यांनी आता ‘गाव गेलं’ म्हणून गळे काढू नयेत.

तीस गुंठे: हे वाचून राहवलं नाही. चार भावांच्या वाटण्या होऊन वडिलांना तीस गुंठे आले. शेजारी प्लॉटिंग झालं, बोअर पडल्या, आमची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवू लागली. बांधावरची वाट कंपाउंडात गेली, ट्रॅक्टर न्यायचा कुठून? विकली नसती तर काय केलं असतं, सांगा. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी स्वतःची कंपनी काढली, ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र ठेवली, जमिनीच्या हिशेबात शेअर घेतले. आमच्यात तेवढी एकी झाली नाही, हे कबूल.

माहेरवाशीण: चार भाऊ मोजलेत. बहिणी किती?

तीस गुंठे: विषय काय, तुमचं काय! आत्यांनी राजीखुशीने सोडलं.

माहेरवाशीण: हाच विषय आहे. माझं लग्न १९९८ चं. महाराष्ट्रात १९९४ पासूनच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा होता. तरी राखीच्या दुसऱ्या दिवशी भावाने गाडीत बसवून निबंधक कार्यालयात नेलं. हक्कसोडपत्राच्या प्रत्येक पानावर सही, अंगठा. परतताना साडी. अजून घडी मोडलेली नाही. दोन वर्षांत तीच जमीन बिल्डरला गेली. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं. याला राजीखुशी म्हणता?

टॉवरवाला: ताई, घरची भांडणं घरात ठेवा. इथे रस्त्यापाण्याचं चाललंय.

माहेरवाशीण: तुमची इमारत ज्या सातबाऱ्यावर उभी आहे, त्यावरून किती बहिणींची नावं कमी झाली ते फेरफार काढून बघा. मग मला घरात बसवा.

तीस गुंठे: आणि टॉवरवाले, तुमचा टँकर कुठे भरतो? कुणाच्या तरी विहिरीवरच ना?

टॉवरवाला: बिल्डरने नळाचं पाणी देतो म्हणून फ्लॅट विकला, आता रोज टँकर. मीही कर्ज काढूनच आलोय. विहिरीचं मला माहीत नव्हतं, बंगल्यांचं वाक्य मागे घेतो. बाकी मत तेच.

तीस गुंठे: दोन आत्या. सह्या घेतल्या, पैसे दिले नाहीत. झालं समाधान?

माहेरवाशीण: माझं कशाला? त्यांना विचारा.