अनुभव धागा: मुंडक्याने डोळा मारला, पण निकाल कुठे लागला?

चरईकर

गेल्या शनिवारी लेकीबरोबर 'फ्रेडी व्हर्सेस जेसन' पुन्हा पाहिला, हॉलिवूडच्या दोन हॉररपट-मालिकांमधले खुनी एकमेकांना भिडतात तो. सिनेमा २००३ चा, लेक त्याच्यानंतरची. शेवटी जेसन तळ्यातून चालत वर येतो, हातात फ्रेडीचं तुटलेलं मुंडकं, आणि ते मुंडकं आपल्याकडे बघून डोळा मारतं. संपलं. लेक उखडली, "बाबा, दीड तास मारामारी बघितली, मग जिंकलं कोण?"

मीसुद्धा तेव्हा नेमका असाच उखडलो होतो. मित्राच्या घरी सीडीवर बघितला होता, सीडी दोनदा अडकली, तिसऱ्यांदा शर्टाला पुसून लावली. बघून झाल्यावर आम्ही चौघे तलावपाळीला गेलो आणि भेळ संपली तरी उठलो नाही. प्रत्येकाने आपापला शेवट लावला. माझा असा: फ्रेडी पोरांच्या स्वप्नात शिरून मारतो, आणि पोरांना त्याची भीती वाटते तोवरच त्याच्यात जोर. म्हणून तर तो जेसनला उठवून त्यांच्या गावात सोडतो, की लोकांना पुन्हा आपली आठवण व्हावी. तर माझ्या शेवटात पोरं मोठी होतात, नोकऱ्यांना लागतात, त्याला विसरतात. फ्रेडी तळ्याकाठी एकटा बसून राहतो. जेसन त्याच्या शेजारी उभा. दोघांना बोलायला विषय नाही.

मित्र म्हणाला, हा हॉरर नाही, हे रिटायरमेंट आहे.

तर धागा यासाठी. दोन खलनायक समोरासमोर आले आणि तुम्ही मनात (किंवा मोठ्याने) वेगळा शेवट लावलात, असं कधी झालंय का? सिनेमातले, मालिकेतले, गावचे, कुठलेही चालतील. अट एकच: शेवट खरोखर तेव्हा सुचलेला हवा. कुठे, कोणाबरोबर, तेही सांगा. आज धाग्यासाठी रचलेला नको.

नेरूळ हॉस्टेल, खोली तिसरी

इंजिनिअरिंगला होतो. सबमिशनच्या आठवड्यात खोलीतले चौघेही झोपत नव्हतो, त्यामुळे फ्रेडीला आमच्याकडे काही कामच नव्हतं. आमचा शेवट एका ओळीचा: फ्रेडी थर्ड इयरला अ‍ॅडमिशन घेतो आणि जागून जागून मरतो.

कोपरीची

आधी एक दुरुस्ती, कारण ती केल्याशिवाय माझा शेवट कळणार नाही. जेसन म्हटलं की सगळ्यांना हॉकीचा मुखवटा दिसतो. तो त्याला 'फ्रायडे द थर्टीन्थ' या त्याच्या मालिकेच्या तिसऱ्या भागात मिळाला, १९८२ मध्ये. आणि १९८० च्या पहिल्या भागात खुनी जेसन नाहीच. त्याची आई आहे. पोरगा तळ्यात बुडाला, पोरांना सांभाळायला ठेवलेली तरुण मंडळी आपल्याच नादात होती, म्हणून ती एकेकाला मारते.

आता २००३ च्या सिनेमात फ्रेडी जेसनला उठवतो कसा? त्याच्या आईचं रूप घेऊन! हे बघितल्यावर माझं लढाईवरचं लक्षच उडालं. तेव्हा माझी आई आजारी होती. रात्री मी तिच्या उशाशी बसायचे, आणि मोबाइल वगैरे नसल्यामुळे डोक्यातच सिनेमे चालायचे. तिथे हा शेवट तयार झाला. खरी आई तळ्यातून वर येते. ती फ्रेडीशी भांडत नाही. जेसनला एवढंच विचारते, "माझा आवाज तुला ओळखू आला नाही?" तो मुखवटा काढतो. पुढचं मी कधी पूर्ण केलं नाही. आईला औषध द्यायची वेळ व्हायची.

घोडबंदरवाला

मी विरोधी पक्षात. डोळा मारला तेच बरोबर. १९९३ च्या जेसनपटाच्या शेवटी जमिनीतून फ्रेडीचा पात्यांचा पंजा वर येतो आणि जेसनचा मुखवटा खाली ओढून नेतो, आठवतंय? तेवढ्या एका दृश्यावर लोकांनी दहा वर्षं वाट पाहिली. एकाला जिंकवला असता तर अर्ध्या प्रेक्षकांनी खुर्च्या फोडल्या असत्या. दुकान दोघांचं आहे, कुलूप कोण लावेल?

सीवूड्स, बी विंग

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचं नाटुकलं बसवायची जबाबदारी माझ्यावर आली होती. मुलांनी विषय आधीच ठरवून ठेवलेला: तात्या विंचू विरुद्ध फ्रेडी. कमिटीतल्या काकांचं म्हणणं, बाप्पासमोर भुतं नकोत. मी म्हटलं, काका, तात्या विंचू भूत नाही, महेश कोठारेंचा आहे, १९९३ पासून घरचाच आहे. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

ठरलेला शेवट साधा होता. तात्या फ्रेडीला मारणार, टाळ्या, आरती. पण फ्रेडी झालेला पोरगा होता सात वर्षांचा, आणि रंगीत तालमीला त्याने मरायला साफ नकार दिला. रडून गोंधळ. त्याची आई म्हणाली, दोघांनाही मारू नका ना. अहो, मग नाटक कसलं?

तोडगा काढला पाचवीतल्या एका मुलीने. तात्याला काय हवं असतं? बाहुल्यातून सुटून माणसाच्या देहात जायचं असतं. मग समोर अख्खा माणूस उभा असताना तो मारेल कशाला? तो "ओम फट स्वाहा" म्हणेल आणि फ्रेडीच्या देहात शिरेल! फ्रेडी जाईल बाहुल्यात. आता फ्रेडीची बोटं एवढीशी, पात्यांचा पंजा हातात राहतच नाही, सारखा गळून पडतो. आणि तात्याला मिळालाय फ्रेडीचा जळका चेहरा, तो आरशात बघून किंचाळतो. दोघंही जन्माचे फसले.

खरं सांगते, मला हे सुचलं नसतं. प्रयोगात पंजा (पुठ्ठा आणि चॉकलेटची चांदी) खरोखरच गळून पहिल्या रांगेत पडला. तो आमच्या कमिटीवाल्या काकांनी उचलून परत दिला. त्या वर्षी सगळ्यात मोठी टाळी काकांना.

ऐरोली-ठाणे लोकल

ट्रान्स हार्बरवर रोजचा ग्रुप. 'स्त्री २' येऊन गेल्यावर दोन आठवडे एकच वाद: त्यातला बिनमुंडक्याचा सरकटा आणि मुंज्या समोरासमोर आले तर? माझा शेवट: मुंज्या सरकट्याच्या मोकळ्या मानेवर जाऊन बसतो. एकाला धड मिळालं, एकाला डोकं. ऐरोलीहून सुरू झालेला हा वाद ठाणे आलं तरी मिटत नसे. बाकीचे म्हणत, मुंज्या कसा मानेल, वरवर बसायला त्याला पिंपळ आहे की.

कळव्याची नात

वरच्या मुंज्यावरून आजी आठवली. आजी मालवणकडची, शेवटची पंधरा वर्षं आमच्याकडे कळव्यात होती. तिला भुताची भीती नव्हती. व्यवस्थेची काळजी होती.

मी आणि भाऊ 'पुराना मंदिर' बघत होतो, रामसेंचा, १९८४ चा. त्यात सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं वेगळं करून पेटीत बंद करतात आणि धड देवळामागे पुरतात. आम्ही दोघं वाद घालत होतो की सामरी आणि आजीच्या गोष्टीतला मुंजा भिडले तर कोण कोणाला खाईल. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मुंडक्या एकीकडे नि धड एकीकडे, मगे तो शांत कसो होतलो? जोडा नि तेराव्या घाला!" आणि मुंजा? त्याची मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आधी पोर गेलं, म्हणून ते अडकलंय. मग सोडमुंज करा त्याची. संपला विषय. मारामारी कसली करता?

भावाने मुद्दाम फ्रेडीची गोष्ट सांगितली. पोरांना मारायचा, कोर्टातून सुटला, मग आईबापांनीच त्याला जाळलं. आजी थोडा वेळ गप्प राहिली. आम्हाला वाटलं, हरली. म्हणाली, असल्याला जाळलं ते बरं केलं. पण नुसतं जाळलं म्हणजे झालं का? दिवस कोणी केले?

आमच्या घरात अजून कुठलाही हॉरर सिनेमा संपला की कोणीतरी म्हणतंच, "दिवस कोणी केले?"

चरईकर

आजींचा शेवट लेकीला वाचून दाखवला. ती एक तास त्यावरच आहे. तिचा प्रश्न: समजा केले दिवस, ठेवला फ्रेडीचा पिंड तलावपाळीच्या काठावर. कावळा शिवणार का? आणि शिवत नसेल तर काय कबूल करायचं?

घोडबंदरवाला

"पुढचा भाग काढतो" म्हणावं. झडप घालेल.