पॅप टेस्टमध्ये ‘एएससी-यूएस’ आलंय, वर्षभर थांबू का?

उदगीरची_ताई: वय ३८, दोन लेकरं. अंगावरून पांढरं जायचं म्हणून दाखवलं, तर मॅडमनी पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) केली. रिपोर्टवर ‘एएससी-यूएस’ असं लिहून आलंय. मॅडम म्हणाल्या, घाबरायचं नाही, वर्षानं परत करू. जाऊबाई म्हणतात आत्ताच लातूर गाठ. आणि शेजारच्या काकू, “लेकरं झालीत ना, पिशवी काढून टाक!” सोयाबीनची काढणी डोक्यावर आहे. कुणाचं ऐकू?

अंबाजोगाईची_सिस्टर: काकूंचं तर मुळीच नको. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये किती गाजलं, आठवतं ना? या रिपोर्टवर पिशवी काढत नसतात.

पिशवीच्या तोंडाच्या काही पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, पण नक्की कशामुळे ते सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. साध्या जंतुसंसर्गानंही असं येतं. मॅडमना एचपीव्ही तपासणीचं विचारा, सगळं त्यावर ठरतं. एचपीव्ही म्हणजे संबंधातून पसरणारा, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू. ती निगेटिव्ह आली तर पुढची तपासणी ३ वर्षांनी. पॉझिटिव्ह आली तर वर्ष काढायचं नाही, कॉल्पोस्कोपी (पिशवीचं तोंड दुर्बिणीतून बघणं) करून घ्यायची. एचपीव्हीची सोयच नसेल, तर वर्षानं परत पॅप. म्हणजे मॅडमचं चुकलेलं नाही. ‘एलएसआयएल’ (म्हणजे पेशींत सौम्य पण स्पष्ट बदल) लिहिलेलं असतं तर तुमच्या वयात बहुतेक थेट कॉल्पोस्कोपीच सांगितली असती.

एक मात्र आहे. संबंधानंतर किंवा मधेच रक्त जात असेल तर रिपोर्ट काहीही असो, लगेच दाखवायचं.

नांदेडकर७९: माझी कॉल्पोस्कोपी झालीय. पॅपसारखंच झोपवतात, व्हिनेगरसारखं औषध लावून दुर्बिणीतून बघतात. जरा चुरचुरलं. पांढरा पट्टा दिसला म्हणून चिमूटभर तुकडा घेतला. भूल नाही, त्याच दिवशी घरी. दोन दिवस पॅड लागलं.

धाराशिवचा_भाचा: एचपीव्ही तपासणीवरचा मोठा अभ्यास आपल्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातला आहे. ३० ते ५९ वयाच्या लाखाच्या वर बायका होत्या. एकदाच तपासणी केलेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये छापून आला.

उदगीरची_ताई: रक्त वगैरे नाही जात. पण एचपीव्ही पॉझिटिव्ह आली तर ह्यांच्यावर संशय घ्यायचा का हो? आणि नमुना परत द्यावा लागंल?

अंबाजोगाईची_सिस्टर: अजिबात नाही ताई. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो, कुणाकडून कधी आला ते कळत नाही. बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातोही. त्यावरून घरात भांडण काढू नका.

नमुना बाटलीतल्या द्रवात घेतला असेल तर लॅबला लवकर फोन करा, त्यातूनच होऊ शकते. काचेवर घेतला असेल तर नवा द्यावा लागेल. पाळी संपल्यावर जा, आधीचे दोन दिवस संबंध नको आणि आत ठेवायची गोळी-मलमही नको. काढणी उरकून गेलात तरी चालेल, पण रिपोर्टची फाईल सोबत न्या.